पीट : जळणारी जमीन

रोपवाटिकेचा धंदा करणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधूंच्या हातीं अलीकडे परदेशांतून आलेलें एक पोतें पडतें. त्यावर ‘पीट मॉस’ अशीं अक्षरें छापलेलीं असतात. आंत तपकिरी रंगाचा, हलका, तंतुमय व ओलसर असा पदार्थ असतो. दुसऱ्या बाजूस इंग्रजी कादंबऱ्यांचीं भाषांतरें वाचणाऱ्या मंडळींस ‘पीटची दलदल’ असे शब्द भेटतात, आणि तींत घोडे व माणसें गडप होतात असें वर्णन असतें. हे दोन्ही पदार्थ एकच कीं काय, आणि एकच असल्यास त्याचा शेतकऱ्याशीं संबंध कोणता, असा प्रश्न विचारणारे थोडे नसतील. पीट हा शब्द आपल्या जात्यावरच्या पिठाशीं कांहीं नातें ठेवीत नाहीं, हें प्रथम सांगितलेलें बरें. तो जमिनीचा एक प्रकार आहे. मात्र ही जमीन अशी कीं ती चुलींत घातली असतां जळते. तिची हकीकत आपल्या काळ्या व मुरमाड जमिनीच्या धन्यासहि उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून ती येथें क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

पीट कसें तयार होतें

झाडपाला मेला म्हणजे कुजतो, हा आपला नित्याचा अनुभव होय. उकिरड्यांत टाकलेला कडब्याचा चुरा, पालापाचोळा व शेण वर्षभरांत एकजीव होऊन खत बनतें. कुजविण्याचें हें काम डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु करितात; आणि त्यांस त्या कामीं ऊब व हवा यांची गरज असते. आतां अशी जागा कल्पावी कीं, जेथें पाणी बारमाही सांचून राहतें, निचरा होत नाहीं, व हवामान थंड आहे. तेथें वनस्पति उगवते, मरते आणि पाण्याखालीं जाते. पाण्यांत हवेचा शिरकाव नाहीं, म्हणून जंतूंचें काम मंदावतें. गेल्या वर्षींचा पाला पुरता कुजला नाहीं तोंच त्यावर यंदाचा पाला येऊन पडतो. असे थरावर थर बसत जातात आणि त्यांचें पीट होतें. म्हणजे पीट हें अर्धवट कुजलेलें खत होय. पूर्ण कुजण्यापूर्वींच पाण्यानें त्यास राखून ठेविलेलें असतें.

उत्तर युरोपांत या कामीं स्फॅग्नम नांवाचें शेवाळ मुख्य असतें. त्यास मूळ नसतें. तें आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवूं शकतें, आणि भोंवतालचें पाणी आंबट करितें. आंबट पाण्यांत कुजविणारे जंतु आणखीच निर्बळ होतात. अशा रीतीनें हें शेवाळ आपल्या पायांखालीं आपल्याच मृत देहांचा ढीग रचीत वर वर चढत जातें.

ही वाढ किती सावकाश होते तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सामान्यतः वर्षाला एक मिलीमीटर, इतकाच थर चढतो. सन १६७४ मध्यें शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. त्या दिवशीं एखाद्या दलदलींत पीट सांचूं लागलें असतें, तर आज त्याची जाडी एक हातहि भरली नसती. तीन मीटर जाडीच्या थरास तीन हजार वर्षें लागलेलीं असतात. युरोपांतील पुष्कळ दलदली हिमयुग ओसरल्यानंतर, म्हणजे सुमारें दहा हजार वर्षांपासून, वाढत आलेल्या आहेत.

पीट केवळ थंड देशांतच होतें असें मात्र नाहीं. सुमात्रा व बोर्निओ या बेटांवर आणि आफ्रिकेंतील कांगो नदीच्या खोऱ्यांत पाण्यांत उभ्या असलेल्या अरण्यांखालीं लांकूड, मुळ्या व पानें यांचें पीट आहे. कांगोच्या खोऱ्यांतील क्षेत्राचा नकाशा शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केला. तें सुमारें १,४५,००० चौरस किलोमीटर भरलें. महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ निम्में क्षेत्र झालें हें! पृथ्वीवरील एकंदर भूमीपैकीं सुमारें तीन टक्के भूमीवरच पीट आहे. परंतु तेवढ्यांत जगांतील सर्व अरण्यांच्या झाडोऱ्यांत मिळून जितका कर्ब आहे, त्याहून अधिक कर्ब सांठलेला आहे. पीट युगानुयुगें मातीखालीं दडपलें गेलें म्हणजे त्याचा लिग्नाइट व पुढें दगडी कोळसा होतो. तेव्हां पीटास कोळशाचें बाळपण म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या देशांत निलगिरी पर्वताच्या माथ्यावरील खोलगट जागीं पीट सांपडतें. गंगेच्या मुखाकडील प्रदेशांत, खुद्द कलकत्ता शहराच्या जमिनीखालींहि, त्याचे थर लागलेले आहेत. केरळांतील कुट्टनाड भागांत, समुद्रसपाटीहून खालच्या पातळीवर बांध घालून भातशेती करितात. तेथील ‘करी’ नांवाची काळी जमीन जुन्या लांकडाच्या अवशेषांनीं भरलेली व अतिशय आंबट असते, आणि शेतकऱ्यास चुना घालून ती ताळ्यावर आणावी लागते. आपल्या महाराष्ट्रांत पीटाचे विस्तीर्ण थर नाहींत. आपली जमीन पावसाळ्यांत भिजते खरी, पण पुढें आठ महिने उन्हांत भाजून निघते, तिला भेगा पडतात व हवा खोल शिरते. अशा भूमींत पाला शिल्लक कोठून राहणार?

पीटाचें जळण

ज्या देशांत लांकूडफाटा कमी व कोळसा महाग, तेथें गरीब कुळांनीं पीट खणून चूल पेटविली. आयर्लंड देश यांत प्रसिद्ध आहे. तेथें या जळणास ‘टर्फ’ म्हणतात. वसंतऋतु लागला म्हणजे घरांतील माणसें दलदलीवर जात. वरचें गवत काढून टाकावयाचें, एका बाजूस काटकोनांत पातें वळविलेल्या खास फावड्यानें विटेच्या आकाराच्या लाद्या कापावयाच्या, व त्या पसरून वाळवावयाच्या. ओल्या पीटांत दहा भागांपैकीं नऊ भाग पाणीच असतें. यास्तव कापण्यापेक्षां वाळविण्याचेंच कष्ट फार. थोड्या वाळल्या म्हणजे चार-सहा लाद्या एकमेकींस टेंकून उभ्या करितात, म्हणजे वारा आरपार जातो. आणि शेवटीं आपण गोवऱ्यांचा हुडवा रचतों त्याप्रमाणें त्यांचा ढीग रचून पावसापासून राखितात. एखाद्या वर्षीं उन्हाळा पावसाळी निघाला तर लाद्या वाळत नसत, आणि मग त्या कुटुंबाचा हिवाळा कुडकुडत जाई.

चांगल्या वाळलेल्या पीटाच्या एका किलोंत तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते; चांगल्या दगडी कोळशांत ती सहा-सात हजार असते. म्हणजे पीटाची उष्णता कोळशाच्या निम्मी, आणि वाळलेल्या लांकडाच्या किंचित् खालीं. परंतु पीटाचा विस्तव मंद व चिवट असतो. रात्रीं निखाऱ्यावर राख ओढून ठेविली म्हणजे सकाळीं तोच विस्तव फुलवितां येतो.

ज्यांचा महसुली दप्तराशीं संबंध आला आहे त्यांस येथील एक गोष्ट मौजेची वाटेल. आयर्लंडांत दलदलींतून पीट कापून नेण्याचा हक्क जमिनीच्या मालकीहून निराळा मानितात. जमीन एकाची, तींतून जळणापुरतें पीट कापण्याचा हक्क दुसऱ्याचा, आणि तो वंशपरंपरा चालावयाचा. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरांत विहिरींतील पाण्याचा हिस्सा किंवा वहिवाटीची वाट लिहिलेली असते, त्याच जातीचा हा हक्क समजावा. प्रस्तुत लेखकाचीं नोकरीचीं वर्षें अशाच नोंदी लिहिण्यांत गेलीं. त्या अनुभवावरून इतकें म्हणवतें कीं, ज्या हक्कावर घरची चूल अवलंबून असते तो हक्क माणूस शेवटपर्यंत सोडीत नाहीं. आणि आयर्लंडांत हल्लींच्या काळांत घडलेंहि तसेंच.

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडाहून येणारा कोळसा आटला, तेव्हां डब्लिन शहर पीटावर निभावलें. फीनिक्स पार्क नांवाच्या तेथील मोठ्या उद्यानांत रस्त्याच्या दुतर्फा पीटाचे डोंगर रचलेले होते. पुढें १९४६ सालीं ‘बोर्ड ना मोना’ हें सरकारी मंडळ कायद्यानें स्थापन झालें. त्यानें यंत्रांनीं पीट खरवडून विजेचीं कारखानें चालविलीं व खेड्यापाड्यांतील हजारों लोकांस काम दिलें. रशियांतहि शातुरा येथें १९२५ सालीं पीटावर चालणारें मोठें वीजगृह उभें राहिलें होतें. परंतु पीट जाळल्यानें तितक्याच उष्णतेसाठीं कोळशापेक्षांहि अधिक कर्बवायु हवेंत जातो, हें कळल्यावर चक्र उलट फिरलें. आयर्लंडांतील दोन मोठीं पीट-वीजगृहें २०२० च्या अखेरीस बंद झालीं. जानेवारी २०२१ मध्यें बोर्ड ना मोनानें पीट काढणें कायमचें थांबविल्याचें जाहीर केलें. आणि २०२३ च्या शेवटीं एडनडेरी येथील वीजगृहानेंहि पीट जाळणें सोडलें. दुकानांतून टर्फ विकण्यावर २०२२ च्या ऑक्टोबरअखेर निर्बंध आले. मात्र ज्यांचा कापण्याचा वंशपरंपरेचा हक्क आहे, त्यांच्या घरच्या चुलीपुरता तो सरकारास मान्य करावा लागला.

निचरा केला आणि जमीन खचली

जळण म्हणून पीट काढिलें तर तें संपतें, हें उघडच आहे. परंतु तें न काढतां नुसता पाण्याचा निचरा करून वर शेती केली तरी तें संपतें, ही गोष्ट शेतकऱ्यानें विशेष लक्ष देऊन वाचावी.

इंग्लंडाच्या पूर्वभागीं फेन नांवाचा सखल प्रदेश आहे. तेथें व्हिटलसी मिअर नांवाचें विस्तीर्ण तळें होतें. सन १८५१ च्या सुमारास वाफेच्या पंपानें तें उपसून कोरडें केलें. पाणी गेल्यावर जमीन किती बसते तें पाहण्यासाठीं होम या ठिकाणीं पीटांतून खालच्या घट्ट मातीपर्यंत एक लोखंडी खांब पुरला व त्याचा माथा जमिनीच्या बरोबर ठेविला. आज तो खांब जमिनीवर सुमारें चार मीटर उभा दिसतो. खांब तसूभरहि वर सरकलेला नाहीं. जमीन तेवढी खालीं गेली आहे. एका मजल्याहून अधिक उंची झाली ही! प्रथम पाणी निघून गेल्यामुळें पीट पिळलेल्या स्पंजाप्रमाणें आकसलें. नंतर त्यांत हवा शिरली. हजारों वर्षें उपाशी बसलेले जंतु जागे झाले आणि त्यांनीं अर्धवट राहिलेलें कुजविण्याचें काम पुरें करावयास घेतलें. कोरडा भुगा वाऱ्यानेंहि नेला. नांगराखालची जमीन ज्वाळेवांचून जळून गेली.

हॉलंड देशाची कथा याहून मोठी आहे. त्या देशाचा पश्चिमभाग समुद्रसपाटीखालीं आहे, हें आपण शाळेंत शिकलों. तो मुळापासून तसा नव्हता. मध्ययुगांत तेथील पीटाची भूमि समुद्राहून उंच होती. शेतकऱ्यांनीं चर खणून निचरा केला, जमीन खचली, मग बांध घातले, पवनचक्क्या लाविल्या, पुन्हां खचली. शिवाय शहरांच्या जळणासाठीं पीट खणून नेलें, त्या खड्ड्यांचीं तळीं झालीं व लाटांनीं कांठ खाऊन तीं वाढत गेलीं. अशा रीतीनें वाढलेलें हार्लेमचें सरोवर १८४९ ते १८५२ पर्यंत वाफेचे पंप चालवून उपसावें लागलें. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांतील रमणीय तळीं सृष्टीनेंच निर्मिलेलीं आहेत असें सर्व समजत. परंतु जॉईस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईनीं १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें कीं, ते मध्ययुगीन लोकांनीं जळणासाठीं खणलेले पीटाचे खड्डे असून पुढें पाणी चढून त्यांचीं तळीं झालीं आहेत.

जर्मनीच्या वायव्येस व हॉलंडांत आणखी एक रीति होती. दलदलीचा वरचेवर निचरा करून पृष्ठभाग पेटवून द्यावयाचा, आणि गरम राखेंत कुट्टू नांवाचें धान्य पेरावयाचें. आपल्या कोंकणांतील राब भाजण्याची आठवण यानें होईल. परंतु राबांत बाहेरून आणलेला पालापाचोळा जळतो, आणि तेथें खुद्द जमीन जळे. कांहीं वर्षें पीक येई, नंतर भूमि निःसत्त्व होऊन टाकून द्यावी लागे.

इतकें सर्व युरोपांत घडलें असतांहि इंडोनेशियाच्या सरकारानें १९९५ सालीं बोर्निओ बेटाच्या मध्य कालिमंतान प्रांतांत दहा लक्ष हेक्टर दलदलीच्या भूमीवर भात पिकविण्याचा बेत केला. अरण्य तोडलें व चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणले. त्या कालव्यांनीं शेतास पाणी देण्याऐवजीं पीटांतलें पाणी वाहून नेलें. भूमि आंबट व कसहीन, भात कांहीं आलें नाहीं. इतक्यांत १९९७ चें अवर्षण आलें आणि कोरड्या पीटानें पेट घेतला. पीटाची आग गवताच्या वणव्यासारखी भडकून विझत नाहीं. ती जमिनीच्या पोटांत धुमसत पुढें सरकते, येथें विझली असें वाटावें तोंच तेथें डोकें काढते, आणि चांगला पाऊस लागल्यावांचून शमत नाहीं. त्या एका वर्षांत इंडोनेशियांतील पीट जळून जो कर्ब हवेंत गेला, तो सर्व जगांतील कोळसा व तेल यांच्या वार्षिक धुराच्या १३ ते ४० टक्के होता, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं मांडला. सिंगापूर-मलायापर्यंत आकाश काळवंडलें. बेत रद्द झाला. कालवे मात्र राहिले, आणि २०१५ सालीं पुन्हां तसेच वणवे पेटले. आतां तेच कालवे बुजवून पाणी अडविण्याचे प्रयत्न चालले आहेत.

पीटाच्या पोटांतील माणसें

हवा नसलेल्या आंबट पाण्यांत पाला राखला जातो, तसें तेथें पडलेलें शरीरहि राखलें जातें. आयर्लंडांत पूर्वींचे लोक दलदलींत लोणी पुरून ठेवीत. शेंकडों वर्षांनीं पीट कापणाऱ्यांस तें मेणासारखें झालेलें सांपडतें. डेन्मार्कांत मे १९५० मध्यें जळण काढणाऱ्या लोकांस एक प्रेत सांपडलें. चेहऱ्यावरील सुरकुत्या व हनुवटीवरील खुंट स्पष्ट, गळ्यांत चामड्याचा फांस. ताजा खून समजून त्यांनीं पोलिसांस वर्दी दिली. शोधाअंतीं तो मनुष्य ख्रिस्ती शकापूर्वीं चौथ्या-पांचव्या शतकांतील ठरला. त्याच्या पोटांत शेवटच्या जेवणाचे अवशेष होते : जव, जवस व कांहीं रानबियांची पेज. चोवीसशें वर्षांपूर्वींच्या कुणब्याचें जेवण अशा प्रकारें आपणांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

इंग्लंडांतील लिंडो येथें १९८३ सालीं घडलेला प्रकार तर कोणत्याहि कादंबरीकारास सुचला नसता. पीट काढतांना एका स्त्रीची कवटी निघाली. जवळपास पूर्वीं राहत असलेल्या एका इसमाची बायको कित्येक वर्षांपूर्वीं नाहींशी झाली होती. कवटी सांपडल्याचें कळतांच त्यानें खुनाचा कबुलीजबाब दिला. पुढें तपासणी झाली, तेव्हां ती कवटी सुमारें सतराशें वर्षांपूर्वींची निघाली! त्याच्या बायकोचा देह कधींच सांपडला नाहीं. परंतु स्वतःच्या कबुलीवरून त्यास शिक्षा झाली.

कादंबरींतील दलदल

अशी भूमि कथाकारांच्या नजरेंतून सुटती तरच नवल. ब्लॅकमोर याच्या १८६९ सालच्या ‘लोर्ना डून’ या लोकप्रिय कादंबरींत दुष्ट कार्व्हर डून हा शेवटीं एक्समूरच्या काळ्या दलदलींत गडप होतो. आर्थर कॉनन डॉईल यानें १९०१ सालीं डार्टमूर या ओसाड पठारावर मुक्काम करून ‘बास्करव्हिलचा कुत्रा’ ही शेरलॉक होम्सची विख्यात कथा लिहिली. तींतील ग्रिम्पेनची दलदल तेथील फॉक्स टॉर नांवाच्या खऱ्या दलदलीवरून सुचली, असें मानितात. कथेच्या आरंभीं एक तट्टू ओरडत ओरडत तींत बुडतें, आणि अखेरीस खलपुरुष स्टेपलटन तिच्यांतच नाहींसा झाला असें वाचकानें समजावयाचें असतें. या कथेचा आधार घेऊन १९६२ सालीं ‘बीस साल बाद’ हा हिंदी बोलपट निघाला, तो आपल्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल.

शेतकऱ्यास सर्वांत जवळची वाटावी अशी कथा मात्र ब्रॅम स्टोकर याची आहे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा तोच हा गृहस्थ. तो पूर्वीं डब्लिनच्या सरकारी कचेरींत नोकर होता, आणि कोर्टांतील कारकुनांच्या कर्तव्यांवर त्यानें एक रुक्ष ग्रंथहि लिहिला होता. त्याची पहिली मोठी कादंबरी ‘द स्नेक्स पास’ ही १८९० सालीं निघाली. तींत मर्डक नांवाचा एक सावकार एका प्रामाणिक शेतकऱ्याची चांगली जमीन कर्जापोटीं गिळंकृत करितो. शेजारीं डोंगरउतारावर फुगत चाललेली दलदल आहे. पाऊस फार झाल्यावर एका रात्रीं ती सबंध दलदलच जागची सुटते आणि सावकारास त्याच्या घरासकट वाहून नेते. कुळांच्या मनांतील न्याय येथें कथेनें पुरा केला!

या कथांत खरें किती? दलदल माणसास ओढून घेऊन गडप करिते, हें खरें नव्हे. पीटाचा चिखल पाण्याइतकाच हलका असतो. त्यांत मनुष्यास ओढणारी कोणतीहि शक्ति नाहीं. परंतु रुतलेला पाय उपसून काढावयास विलक्षण जोर लागतो, धडपडीनें मनुष्य थकतो, आणि थंड पाण्यांत गारठून प्राणास मुकतो. गुरें, मेंढ्या व तट्टें अशाच रीतीनें मरतात. अशा वेळीं हिसके न देतां पाठीवर रेलून अंग पसरावें व पाय एकेक करून सावकाश काढावा, हाच उपाय आहे. गाळानें भरलेल्या आपल्या तलावांतहि हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

उलट, जी गोष्ट वाचकास अगदीं कल्पित वाटते, ती सरकती दलदल मात्र खरी आहे. स्टोकरची कादंबरी निघाल्यानंतर सहा वर्षांनीं, २८ डिसेंबर १८९६ च्या पहांटे, आयर्लंडाच्या केरी परगण्यांत मोठ्या पावसानंतर एक दलदल फुटली व दरींतून मैलोगणती वाहत गेली. एका घरांतील आठ माणसें झोंपेंतच तिच्याखालीं गेलीं. ते कोणी सावकार नव्हते. साधें कष्टाळू कुटुंब होतें. दलदलीच्या कडेचें पीट कापून नेल्यामुळें तिचा आधार सुटतो, आणि पाण्यानें फुगलेलें वजन मग पुढें घसरतें. २००३ सालीं गॉलवे परगण्यांत डेरीब्रायन येथें पवनचक्क्यांचें बांधकाम चालूं असतां असाच घसरा झाला. कादंबरींत दलदल दुष्टास ओळखून गिळते. प्रत्यक्षांत ती कोणासहि ओळखीत नाहीं. कड कोणी कापली, याचाच हिशेब ती घेते.

आपण काय घ्यावें

शेंकडों वर्षें युरोपांतील सरकारी दप्तरांत दलदल म्हणजे निरुपयोगी पड अशीच नोंद होती. आपल्याकडे पोटखराबा म्हणून जी जागा आकारांतून वगळतात, तिच्याकडे आपण जसें पाहतों तसेंच तिकडे दलदलीकडे पाहत. आज त्याच सरकारांस चर बुजवून दलदली पुन्हां ओल्या करण्यासाठीं खर्च करावा लागत आहे. पूर आला तर पाणी धरणारी, अवर्षणांत हळूहळू सोडणारी आणि कर्ब सांठविणारी ती तिजोरी होती, हें ती फुटल्यावर कळलें. आपल्या गांवच्या पाणथळ जागा भरून काढण्यापूर्वीं हा धडा आठवावा.

दुसरा बोध प्रत्यक्ष शेताचा आहे. पीटाच्या भूमींत जें दीडशें वर्षांत चार मीटर खालीं गेलें, तेंच आपल्या जमिनींत डोळ्यांस न दिसतां चाललें आहे. आपल्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब म्हणजे तिच्यांतील मूठभर पीटच होय. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर तो अर्ध्या टक्क्याखालीं असेल तर कमी समजतात. आणि आपल्या कितीतरी शेतांचा आंकडा त्याच्याहि खालीं असतो. वारंवारच्या नांगरटीनें हवा खेळते व आहे तो कर्ब जळतो. शेण चुलींत जातें. उसाचें पाचट फडांतच पेटवून दिलें जातें. आयर्लंडचा गरीब कुणबी नाइलाजानें जमीन जाळीत होता, कारण त्यास दुसरें जळण नव्हतें. पाचट पेटविणाऱ्या बागाईतदाराची चूल त्यावर पेटत नाहीं; मग तो कशासाठीं जाळतो? पाचट सरींत आडवें पसरून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जंतु टाकल्यास तें फडांतच खत होतें, ओल टिकते व तण दबतें. हा अनुभव घेतलेले बागाईतदार आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांचे फड जाऊन पाहावे.

शेवटीं रोपवाटिकेच्या पोत्याविषयीं. बाजारांत मिळणारें ‘कोकोपीट’ हें पीट नव्हे. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढून घेतल्यावर उरणारा तो भुसा होय. दरवर्षीं नवा निघतो, आणि पाणीहि चांगलें धरतो. मात्र सोडणांत क्षार असतात, म्हणून धुतलेला माल घ्यावा, किंवा वापरण्यापूर्वीं गोड्या पाण्यानें दोन-तीनदां धुवून निथळूं द्यावा. खरें पीट मॉस आंबट असतें व त्यांत चुना मिसळावा लागतो. शिवाय तें समुद्रापलीकडून येतें व त्याचें मोलहि अधिक. कडधान्याच्या बियाण्यास चोळण्यासाठीं जिवाणू खताची काळी पुडी मिळते, तींतहि परदेशांत पीटाची भुकटी वापरतात. आपल्याकडे बहुधा लिग्नाइटाची भुकटी वापरून तेंच काम भागवितात. तेव्हां बहुतेक रोपांसाठीं आपल्या किनाऱ्यावरचा सोडणाचा भुसा आणि घरचें मुरलेलें शेणखत पुरेसें आहे. जी माती बनावयास सहस्र वर्षें लागलीं, ती एका हंगामाच्या रोपांसाठीं विकत आणण्याचें आपणांस कारण नाहीं.

होमचा खांब इंग्लंडांत उभा आहे. आपल्या बांधावर असा खांब कोणी पुरलेला नाहीं, एवढाच फरक. तो पुरलेला असता तर दर पिढीस तो किती उघडा पडला तें दिसलें असतें, आणि बापानें दिलेली जमीन मुलाच्या हातीं किती बोटें कमी करून देतों, याचा हिशेब प्रत्येकास ठेवावा लागला असता. खांब नसला तरी माती परीक्षणाची पत्रिका आहे. ती दर तीन वर्षांनीं काढावी, कर्बाचा आंकडा वहींत उतरून ठेवावा, आणि तो मागल्या आंकड्याखालीं जाऊं देऊं नये, इतकीच विनंती आहे.